दुभाषी गप्प राहिला तर?

चवथीच्या आधी मुंबईहून पेडण्याला येणाऱ्या गाडीत एकच बर्थ उरलीय आणि ती दोन खिडक्यांवर एकाच वेळी मागितली जातेय, असं समजा. एक खिडकी दादरची, दुसरी मडगावची. बर्थ कुणाला मिळणार हे खिडकीवरचा संगणक ठरवत नाही. त्याच्याकडे बर्थची यादीच नसते. ती दूरच्या सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये असते. खिडकी फक्त मागणी करते, म्हणून तिला ‘क्लायंट’ म्हणतात. मागणी पोचवणारं आणि उत्तर परत आणणारं जे सॉफ्टवेअर दोघांच्या मध्ये बसतं, ते मिडलवेअर.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना असा मधला माणूस नवा नाही. पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून सावंतवाडी आणि पुण्याहून येणारी मराठी पत्रं गोव्याच्या सरकारला समजावून द्यायला सरकारी दुभाषी असे. त्याला ‘लिंग्वा’ म्हणत. मिडलवेअरचं अर्धं काम असंच भाषांतराचं. दोन्ही टोकांना अक्षरं साठवायची पद्धत वेगळी असेल आणि मधल्याला ती नीट सांगितलेली नसेल, तर ‘पेडणे’चं ‘?????’ होतं. तशीच नोंद साठवली गेली की मूळ अक्षरं त्या नोंदीतून परत मिळत नाहीत. मराठी नावांचं असं बरंच वाटोळं झालंय.

पण खरी कसोटी भाषांतराची नाही, शांततेची आहे. दोन मागण्यांपैकी आधी पोचलेली बर्थ धरून ठेवते, दुसरीला वेटिंग मिळतं. इथवर सोपं. आता समजा, सर्व्हरने बर्थ दिली आणि ‘दिली’ हे उत्तर वाटेतच हरवलं. खिडकीला काय कळणार? मागणीच पोचली नाही, की काम झालं आणि निरोप तेवढा अडकला? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. क्लार्कने पुन्हा बटण दाबलं तर एकाच प्रवाशाच्या नावावर दोन बर्थ जातील. नाही दाबलं तर कदाचित एकही नाही.

भारतीय रेल्वेच्या ‘कॉन्सर्ट’ या आरक्षण प्रणालीत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं 1999 मध्ये एकमेकांना जोडली गेली. त्यासाठी वापरलेल्या मिडलवेअरचं नाव ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’. नाव रुक्ष आहे, पण पहिला शब्द उगाच नाही. असं सॉफ्टवेअर प्रत्येक व्यवहाराला स्वतःची ओळख देतं आणि त्याची नोंद वहीत लिहावी तशी डिस्कवर ठेवतं. लाईन तुटून परत आली की तो व्यवहार पुन्हा पाठवतं. सर्व्हरकडे त्याच ओळखीचं काम आधीच झालेलं असेल, तर ते दुसऱ्यांदा होत नाही. व्यवहार एकतर पूर्ण होतो, नाहीतर मुळीच नाही. अर्धवट काही उरत नाही.

आपण मोबाईलवरून पैसे पाठवतो, चक्र फिरत राहतं आणि आपण परत बटण दाबायला जातो. तेव्हा हाच प्रश्न आपल्या हातात असतो. आधी खात्यातली नोंद बघा, मग बोट लावा.