पालकवर्ग आणि गावाची रीत

सभेस पालक येत नाहीत, ही तक्रार नित्याची आहे. सभेची वेळ कोणी ठरविली, हे मात्र क्वचितच विचारले जाते. भातलावणीच्या दिवसांत भर दुपारी बोलाविलेली आई शेतातच राहिली, तर तिला मुलाच्या शिक्षणाची आस्था नाही असे मानणे अन्यायाचे होय.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया व खडे यांनी घेतली. पण सर्वांत मोलाची विकासवाडीची कल्पना. धाकट्या भावंडास सांभाळण्याकरिता थोरल्या मुलीला घरी राहावे लागे. आईबापांना त्याबद्दल नुसता उपदेश करून काय साधले असते? पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या, आणि भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीस वर्गात बसता येऊ लागले. घरच्या रीतीमागची अडचण आधी ओळखली गेली, मग उपाय योजला गेला.

पालकवर्गातही हेच व्हावयास हवे. ‘रोज निजताना मुलास पुस्तक वाचून दाखवावे’ ही छापील सूचना निरक्षर मातेस केवळ ओशाळवाणे करते. सूचनेचा गाभा पुस्तक नव्हे, मुलाशी होणारे बोलणे आहे. आजीची गोष्ट, कोडी, रोपांच्या जुड्या मोजताना झालेला संवाद यांनी तो गाभा राखला जातो. आणि तेही घरच्या बोलीत. मुलाशी केवळ प्रमाण भाषेत बोला, असे सांगणारा शिक्षक त्या घरातील बोलणेच आटवितो.

तथापि रीत म्हणून सर्वच मान्य करावे असे नव्हे. मुलास मारणे, मुलीची शाळा मध्येच सोडविणे, या बाबतींत तडजोड नाही. मात्र भरसभेत कोणाचे नाव घेऊ नये. घरी जाऊन, वस्तीतील एखाद्या जाणत्या स्त्रीस सोबत घेऊन बोलावे.

पहिली बैठक वस्तीतच, कामावरून माणसे परतल्यावर घ्यावी. तीत व्याख्यान नको. मुलाने काल घरी काय काय केले, एवढेच प्रत्येकीस विचारावे, उत्तरे वहीत टिपावीत व दुसऱ्या बैठकीचा विषय त्यांतूनच निवडावा.