उन्हाशी त्वचेचं नातं

त्वचारोगांच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षं बसल्यावर पक्क्या झालेल्या काही गोष्टी.

१. त्वचेचा प्रकार नुसता बघून ठरवू नये, विचारून ठरवावा. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेच्या प्रकारांची वर्गवारी केली ती सोरायसिसच्या रुग्णांना प्रकाशोपचाराची सुरुवातीची मात्रा ठरवता यावी म्हणून. केसांच्या नि डोळ्यांच्या रंगावरून मात्रा दिली, तर काहींची त्वचा भाजायची. म्हणून त्यांनी रुग्णांनाच विचारलं : कडक उन्हात भाजता का? नंतर रापता का? मीही तेच विचारते आणि दंडाची आतली बाजू बघते. चेहरा बऱ्याचदा आधीच रापलेला असतो.

२. पहिला प्रकार हमखास भाजणारा, कधीच न रापणारा. सहावा सर्वांत गडद, जवळपास न भाजणारा. सुरुवातीला गोऱ्या कातडीपुरते चारच प्रकार होते. उरलेलं सगळं जग नंतर पाचव्या-सहाव्यात बसवलं गेलं. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्यात येतात, पण त्या दोन खणांत गव्हाळापासून काळ्यासावळ्यापर्यंत किती छटा कोंबाव्या लागतात!

३. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांत साधारण तेवढ्याच असतात. फरक पडतो तो मेलॅनिनच्या जातीत, त्याच्या कणांच्या आकारात आणि मांडणीत. “डॉक्टर, लग्न ठरायचंय, पोरगी जरा उजळेल का?” असं विचारणाऱ्या प्रत्येक आईला मी हे सांगते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमांनी पातळ, लाल झालेले, लव वाढलेले तरुण चेहरे पाहिले की जीव तुटतो. त्या मुलींच्या रंगात काहीच बिघडलेलं नव्हतं.

४. “आम्हाला कुठलं ऊन लागतंय?” शेतात राबणाऱ्या मावशी म्हणतात. त्या सहसा भाजत नाहीत, हे खरं. पण गालांवर वांग येतो, आणि तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. तिथे आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन अधिक उपयोगी. ते परवडत नसेल, तर रुंद काठाची टोपी किंवा पुढे ओढलेला पदर.

५. लेझरने केस काढण्याआधी यंत्र कोणतं, हे विचारा. गडद त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग तुलनेने सुरक्षित.

६. सावळ्या माणसाला त्वचेचा कर्करोग होतच नाही, असं समजू नका. जमैकाचे गायक बॉब मार्ले १९८१ साली गेले, ते पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमाने. तिथे ऊन पोचत नाही. म्हणून तळपाय, तळहात बघत जा. एकाच नखात नवी काळी रेघ आली, रुंदावू लागली, तर लगेच दाखवा.