आधी उपास सोड

सौसर

प्रिय बाबू,



काल रात्री वहिनीचा फोन आला. तू संत्र्याच्या ढिगापाशी चक्कर येऊन पडलास, हमालांनी उचलून सावलीत नेलं, एवढं सांगेपर्यंत तिला रडू कोसळलं. बाकीचं तुझ्या बहिणीने सांगितलं. चाळीस दिवसांचा उपास धरला आहेस. आंबिया बहाराचे इसाराचे पैसे कुण्या प्रचारकाच्या हातात ठेवलेस. आणि येत्या रविवारी नदीवर जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेणार आहेस, कारण तान्हेपणी झालेला तो धरायचाच नाही असं त्याने सांगितलं.

बाबू, आधी उपास सोड. पत्र बाजूला ठेव, पेज पी, मग पुढे वाच. माझं अख्खं आयुष्य वॉर्डात गेलं आहे. उपाशी माणूस चक्कर येऊन पडतो तेव्हा त्याच्या शरीरात काय चाललेलं असतं ते मी पाहिलं आहे, आणि ते तुझ्या बाबतीत चाललं आहे हे ऐकून मला रात्रभर झोप नाही. तुझ्या बापाचं बीपी तुला माहीत आहे, वहिनीचा स्वभाव माहीत आहे, आणि तरी तू घरात ताटावर बसत नाहीस. इतका कठोर तू कधीच नव्हतास.

पांढुर्ण्यात लोक काय काय बोलतात तेही कानावर आलं. कोणी म्हणतं पोरगा बिघडला, कोणी म्हणतं करणी झाली. लोकांच्या बोलण्याची मला पर्वा नाही. मला कारण ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू नीट जेवलेला नाहीस, हे वहिनी बोलण्याच्या ओघात बोलून गेली आणि मला सगळं कळलं.

तू गोटमारीला गेला होतास. जाम नदीच्या मध्ये झेंडा बांधलेला पळस रोवलेला, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, झेंड्यासाठी दोन्हीकडून गोट्यांचा पाऊस. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात. प्रशासनाने एकदा गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही चाललं नाही. बाबा, तुझे आजोबा, असते तर तुला त्या दिवशी दाराबाहेर पडू दिलं नसतं. सावरगावच्या एका मुलाचं कपाळ फुटलं, डोळ्याला लागलं, आणि तो पडताना तुला दिसला. गोटा तुझाच होता असं तुला वाटतं.

तो तुझाच होता की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. पण तू फेकलास, आणि समोर माणसं आहेत हे पाहून फेकलास. ते पाप आहे. मी तुझी आत्या आहे म्हणून त्याला दुसरं नाव देणार नाही. त्या प्रचारकाने तुला पापी म्हटलं त्याला माझी हरकत नाही. पापातून सुटायला त्याने जी वाट दाखवली ती चुकीची आहे, म्हणून हे लिहायला बसले.

तो म्हणतो, आधी उपास कर, आधी पैसे दे, आधी पाण्यात उतर, मग देव तुला जवळ करील. बाबू, तू शुभवर्तमान वाचलेला मुलगा आहेस, दृढीकरणाच्या वर्गात पाळक साहेबांना भराभर उत्तरं देणारा. जक्कय आठव. यरीहोचा तो जकातदार, सगळ्या गावाला नागवून श्रीमंत झालेला, उंबराच्या झाडावर चढून बसला होता. प्रभू झाडाखाली थांबला आणि म्हणाला की आज मुक्काम तुझ्याच घरी. तोवर जक्कयाने कोणाचा एक पैसा परत केला नव्हता. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट, हे तो बोलला ते प्रभू घरी यायला निघाल्यावर. हा क्रम उलटा केला की शुभवर्तमान उरतच नाही.

तू म्हणशील, प्रभूने स्वतः चाळीस दिवस उपास केला. केला. पण यार्देन नदीवर आकाशातून पित्याची वाणी झाली, हा माझा प्रिय पुत्र आहे म्हणून, ती त्या उपासाच्या आधी. अरण्यात तो गेला तो आधीच प्रिय असलेला पुत्र म्हणून गेला. पित्याचं प्रेम मिळवायला तो उपाशी राहिला नाही. तू मात्र त्यासाठीच उपाशी राहतो आहेस, आणि तेच मला सहन होत नाही.

आणि वधस्तंभावरचा तो चोर. त्याला ना उपासाला वेळ मिळाला, ना दानाला, ना बाप्तिस्म्याला. खिळलेल्या हातांनी तो करणार काय? आपल्याला ही शिक्षा योग्यच मिळाली एवढं त्याने कबूल केलं, आणि माझी आठवण ठेव म्हणाला. त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं त्याला.

आपण लुथरन घरातले. छिंदवाड्याला स्वीडनहून मिशनरी आले, त्यांच्या मंडळीत बाबा वाढले. ज्याच्या नावाने आपली मंडळी ओळखली जाते तो मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये मठात गेला आणि तिथे तुझ्यासारखाच वागला. उपास, जागरणं, तासन्‌तास पापकबुली, आणि तरी देव रागावलेलाच वाटायचा. पौलाचं रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगलं की देव नीतिमत्त्व मागत नाही, देतो, आणि माणसाने ते विश्वासाने घ्यायचं असतं.

फार लांबचं वाटत असेल तर पंडिता रमाबाई घे. लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर पायी फिरलेली, व्रतं आणि उपास केलेली बाई. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण तिच्या डोळ्यांदेखत गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला. पण पुढे स्वतःच्या साक्षीत तिने लिहून ठेवलं आहे की तेव्हा तिला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं लागली, आणि त्यासाठी तिला नवं काही करावं लागलं नाही. आहे तशी त्याच्याकडे जायचं होतं, ती गेली. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्याच मध्य प्रांतात येऊन तिने उपाशी मुली गोळा करून नेल्या, तेही त्यानंतरचं. भुकेल्यांना जेवू घालायला निघालेली बाई होती ती, बाबू.

येत्या रविवारची घाई कशाला? काही मंडळ्यांत मोठेपणीच बाप्तिस्मा देतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भीती घालून, तारीख ठरवून, पैसे घेऊन देतात त्यांच्याशी आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका साहेबाने नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, आणि तोही त्यांचं स्वतःचं मन वळल्यावर. देवाने त्यांना वेळ दिला. तुला रविवारपर्यंतच देईल असं समजू नकोस. आणि तुझा बाप्तिस्मा झालेला आहे. मी तिथे उभी होते. तू पाणी पडल्यावर किंचाळलास आणि दादा घाबरला. त्या दिवशी तू काय दिलं होतंस देवाला? काहीच नाही. तुला देण्यात आलं.

मग तारण घ्यायचं कसं, असं विचारशील. वॉर्डात रक्त चढवताना मी रोग्याला एवढंच सांगायची, हात सैल सोडा. रक्त दुसऱ्या कोणाचं असतं, त्याची किंमत रोग्याने दिलेली नसते, आणि हात आवळून धरला तर सुई नीट जात नाही. तू हात आवळून बसला आहेस. रात्री खोलीचं दार लावून प्रभूशी आपल्या घरच्या बोलीत बोल. मी गोटा मारला, माणसं पाहून मारला, मला धनी व्हायचं नाही त्या हाताचं, असं जे मनात असेल ते सांग. त्या पापाचं ओझं त्याने वधस्तंभावर उचललं आहे, असं त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून मान, आणि आभार मान. शब्द चुकले तरी चालतील. रडू आलं नाही तरी चालेल. अंगावर काटा आला नाही म्हणून क्षमा झाली नाही असं समजू नकोस. मग उपासनेला जा, प्रभुभोजन घे. क्षमा झाली हे मन मानत नसेल तेव्हा ती भाकर हातात पडते ती त्यासाठीच.

फुकट मिळालं म्हणून आता काहीही करायला मोकळा, असा अर्थ तू काढणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पेत्राने तीनदा नाकारलं, आणि प्रभूने त्याला पुन्हा मेंढरं सोपवली. तसं तुझ्याही वाट्याला काम आहे. सावरगावला त्या मुलाच्या घरी जा. त्याचा डोळा नागपूरला दाखवला का विचार, खर्च किती झाला विचार, उरल्यासुरल्या संत्र्यांतून जमेल तेवढा दे. देवाला खूश करायला जाऊ नकोस, तो हिशेब मिटलेला आहे. त्या मुलाला दुखतं आहे म्हणून जा. ते लोक शिव्या देतील, कदाचित दार लावून घेतील. ऐकून घे.

बाबांचं आणि मोहगावच्या जमिनीचं तुला माहीत आहेच. त्या वादापायी धाकट्या काकांशी त्यांचं शेवटपर्यंत बोलणं झालं नाही. शेवटच्या आजारात बाबा मला रोज संध्याकाळी विचारायचे, पोरी, मला माफी असेल का गं? आणि मी नाडी बघत म्हणायची, बोलू नका, दम लागेल. तेव्हा मी तरुण होते, मला वाटायचं माझं काम औषधाचं. आताची मी असते तर खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसले असते, हे सगळं जे तुला लिहिते आहे ते त्यांना सांगितलं असतं, काकांना निरोप पाठवला असता. बाबा प्रभूच्या हाती आहेत, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी त्या भीतीत एकट्याने काढल्या, ते अजून माझ्या छातीत दुखतं. म्हणून तुझा फोन लागला नाही तरी मी गप्प बसणार नव्हते.

फार बोलले. रागाने सुरुवात केली, राग आता राहिला नाही. तू वाईट मुलगा नाहीस, बाबू. वाईट मुलाला सावरगावचा तो पोरगा झोपेत दिसला नसता. पैशांचं दादाशी मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस. प्रचारकाशी भांडायलाही जाऊ नकोस.

जेवण एकदम करू नकोस. आज पेज आणि वरणाचं पाणी, उद्या मऊ भात, चार दिवसांनी हवं ते. शनिवारी सकाळच्या बसने मी येते आहे. सावरगावला एकट्याने जाववत नसेल तर मला सोबत ने. आत यायला नको वाटलं तर मी बाहेर ओट्यावर बसेन, तुझं बोलणं होईपर्यंत.

तुझी,
आत्या