पाठ ७ : वाचले, पण कळले का?

ऊसतोडीला गेले की पुष्कळ पोरांची शाळा चार-पाच महिने सुटते. मग कोपी हीच शाळा, आई-बाप हेच गुरुजी.

एका पोरीने औषधाच्या पाकिटावरचे घडाघडा वाचले, 'जेवणानंतर एक गोळी.' आईने विचारले, "मग गोळी कधी घ्यायची गं?" पोर गप्प!

आई रागावली नाही. "पुन्हा वाच. हळू वाच," म्हणाली. पोरीने वाचले आणि ती हसली. "आधी भाकर, मग गोळी!"

आपणही असेच करावे. चार ओळी वाचून घ्याव्या. पुस्तक मिटावे. "काय झालं, तुझ्या शब्दांत सांग," म्हणावे. कोण, कुठे, का, असे विचारावे. अडले तर ती ओळ पुन्हा वाचावी.

आज रात्री चुलीपाशी करून पाहा.