शेंगदाण्याच्या सालांतील फिनॉले कशी मोजतात?

दाण्यांचे कूट करताना भाजलेले दाणे तळहातांनी चोळून सुपात पाखडतात. दाणे सुपात राहतात आणि त्यांची तांबूस साले उडून केरात जातात. घरात ती मूठभर असतात, पण दाणे सोलण्याच्या कारखान्यात त्यांची पोती भरतात. दाण्याच्या वजनात सालांचा वाटा सुमारे ३ टक्के असतो, म्हणजे १ टन दाण्यांमागे सुमारे ३० किलोग्रॅम साले निघतात. ती गुरांच्या खाद्यात मिसळावीत काय? हे ठरवण्यापूर्वी त्यांत काय आहे आणि किती आहे, हे कळले पाहिजे.

एक साल चावून पाहा. चव तुरट लागेल. सुपारी, आवळा, हिरडा यांचीही चव तुरटच. हा तुरटपणा टॅनिन नावाच्या पदार्थांमुळे येतो. टॅनिने लाळेतील प्रथिनांना चिकटतात, म्हणून तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. कातडे कमावतानाही टॅनिने कातड्यातील प्रथिनांना अशीच धरून ठेवतात. गुरांच्या पोटातही हेच घडते. खाद्यात टॅनिन फार झाले, तर त्यातील प्रथिने नीट पचत नाहीत. म्हणून ‘किती’ हा प्रश्न महत्त्वाचा.

टॅनिने फिनॉलांच्या कुळातील आहेत. कार्बनच्या ६ अणूंचे बेंझीनसारखे कडे आणि त्या कड्याला थेट जोडलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट, ही या कुळाची खूण.

आता शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करा. १ ग्रॅम साले १०० मिलिलिटर पाण्यात १० मिनिटे उकळा, थंड करून गाळा आणि पुन्हा पाणी घालून १०० मिलिलिटर करा. परीक्षानळीत थोडा अर्क घेऊन त्यात फेरिक क्लोराइडच्या विरल द्रावणाचे २-३ थेंब टाका. अर्क हिरवट काळा होईल. दुसऱ्या नळीत नुसत्या पाण्यात तेवढेच थेंब टाका. तेथे फिकट पिवळा रंगच राहील. हिरड्याच्या अर्काला मात्र निळसर काळा रंग येतो, कारण त्यातील टॅनिने वेगळ्या प्रकारची असतात. (फेरिक क्लोराइडचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत. प्रयोगातले काहीही चाखू नका.)

फिनॉले आहेत हे कळले. ती किती आहेत हे कसे कळावे? त्यासाठी प्रयोगशाळेत फोलिन-चोकाल्तेउ अभिकारक वापरतात. ऑटो फोलिन आणि विंतिला चोकाल्तेउ यांनी तो १९२७ साली प्रसिद्ध केला. त्यात मॉलिब्डेनम व टंगस्टन यांची संयुगे असतात. सोडियम कार्बोनेट घालून द्रावण अल्कधर्मी केले की फिनॉले या संयुगांना इलेक्ट्रॉन देतात आणि पिवळे द्रावण निळे होते. फिनॉले जितकी जास्त, तितकी निळाई गडद.

निळाईचा गडदपणा डोळ्यांनी नेमका सांगता येत नाही. येथे भौतिकी मदतीला येते. निळे द्रावण तांबडा प्रकाश शोषते, म्हणून त्यातून सुमारे ७६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, तांबड्याच्या अगदी टोकाचा प्रकाश सोडतात आणि किती प्रकाश पार झाला ते मोजतात. समजा, निम्मा पार झाला. आता निळा पदार्थ दुप्पट केला, तर काहीच पार होणार नाही काय? तसे नाही. उरलेल्या निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव भाग पार होईल. म्हणून टक्केवारीऐवजी तिच्या लॉगॅरिथमवरून काढलेला ‘शोषणांक’ वापरतात. निम्मा प्रकाश पार झाला तर शोषणांक ०.३०, पाव भाग झाला तर ०.६०. पदार्थ दुप्पट, तर शोषणांकही दुप्पट! हाच बेअर-लॅम्बर्टचा नियम. तो विरल द्रावणांनाच नीट लागू पडतो.

आता एक हिशेब करू. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. गॅलिक आम्लाच्या, लिटरला १०० मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचा शोषणांक ०.२० आला आणि २०० मिलिग्रॅमच्या द्रावणाचा ०.४०. आपला अर्क ५ पट विरल करून तपासला, तर ०.३० आला. म्हणजे विरल अर्कात लिटरला १५० मिलिग्रॅम आणि मूळ अर्कात ७५० मिलिग्रॅम. आपला अर्क १०० मिलिलिटर होता, म्हणून १ ग्रॅम सालांतून ७५ मिलिग्रॅम.

पण ७५ मिलिग्रॅम कशाचे? येथे पुष्कळ जण फसतात. हा अभिकारक फिनॉले ओळखत नाही, इलेक्ट्रॉन देणारे पदार्थ ओळखतो. क जीवनसत्त्व, काही शर्करा आणि प्रथिनेही त्याला निळे करतात. मुळात तो प्रथिनांतील टायरोसीन व ट्रिप्टोफेन मोजण्यासाठीच बनवला होता! शिवाय पाण्यात सगळी फिनॉले उतरत नाहीत. पाणी मिसळलेल्या ॲसिटोनने अधिक निघतात. म्हणून शास्त्रज्ञ नुसते ‘७५ मिलिग्रॅम फिनॉल’ असे लिहीत नाहीत. ‘पाण्याच्या अर्कात, गॅलिक आम्लाच्या तुल्य ७५ मिलिग्रॅम’ असे लिहितात. प्रत्येक फिनॉल वेगळे ओळखायचे, तर क्रोमॅटोग्राफीने ती एकमेकांपासून अलग करावी लागतात.

गुरांच्या खाद्यात साले किती मिसळावीत हे ठरवणाऱ्याने अशा आकड्याबरोबर तो कसा काढला हेही विचारले पाहिजे. एरवी दोन प्रयोगशाळांचे दोन आकडे पाहून तो गोंधळेल आणि त्याचे नुकसान मुक्या जनावराला सोसावे लागेल.

जाता जाता एक प्रश्न : शोषणांक ०.९० आला, तर किती प्रकाश पार झाला? वहीत सोडवून पाहा.