उन्हात पडून फिकी झालेली गाडी: आधी काय बघायचं, किती घासायचं आणि किती पैसे घ्यायचे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एक मरून रंगाची हॅचबॅक घेतली होती. कित्येक वर्षं सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी राहिलेली. छत पांढुरकं पडलेलं, बोनेटवर पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग, दारांवर पाण्याचे खडूसारखे ठिपके. व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला, "सर, मशीन कोणतं घेऊ?" मशीनचं बोलूच, पण ते शेवटी. कारण या धंद्यात मशीन चुकल्यामुळे नुकसान होतं त्यापेक्षा जास्त नुकसान आधी न बघता मशीन लावल्यामुळे होतं. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय, ते पुढे सांगतो.

१. आपण नेमकं घासतो काय?

गाडीच्या पत्र्यावर एक थर नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुम्ही ज्यावर मशीन फिरवणार आहात तो थर केसापेक्षाही पातळ आहे.

पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी "लावणं" नाही. पॉलिश म्हणजे वरचा थोडा क्लिअर कोट काढून टाकणं. ओरखडा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूची पातळी खाली आणली जाते. एकदा काढलेला क्लिअर परत येत नाही. हे वाक्य दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

२. गाडी आली की आधी निदान

डॉक्टर नाडी बघितल्याशिवाय गोळी देत नाही, तसंच हे. धुतलेल्या गाडीवर टॉर्च मारून चार गोष्टी वेगळ्या करा.

कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल बारीक ओरखडे: रोज सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात ना, त्याची ही देणगी. धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोरड्या फडक्याने ती गाडीवर फिरते. हे ओरखडे पॉलिशने जातात.

पाण्याचे ठिपके: बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार. वरवरचे असतील तर आम्लयुक्त वॉटर स्पॉट रिमूव्हरने निघतात, घासायची गरजच नसते. क्लिअर कोरला गेला असेल तर पॉलिश लागतं.

नखाला अडकणारा ओरखडा: नख हलकेच आडवं फिरवा. अडकलं तर तो ओरखडा खोल आहे. त्याची धार थोडी बोथट करता येते, तो घालवता येत नाही. घालवायच्या हट्टाला पेटलात तर क्लिअर संपेल.

साल निघाल्यासारखे पांढरे पॅचेस: कडेला पापुद्रा उचललेला दिसला तर तिथे क्लिअर मेलाय. त्याला जगातलं कोणतंही कंपाउंड वाचवू शकत नाही. ते काम पेंटरचं. ग्राहकाला तिथेच सांगा, पैसे घेऊन नंतर नको.

३. जाडी मोजण्याचं मीटर

पेंट थिकनेस गेज काही हजारांत मिळतं. नवीन दुकान टाकताना मोठ्या फोम गनआधी हे घ्या. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी रीडिंग घ्या आणि कागदावर लिहा.

आपल्या हॅचबॅकचं उदाहरण घ्या. दारांवर ११० ते १२५, छतावर १०५, आणि डाव्या फेंडरवर थेट ३१०. म्हणजे तो फेंडर आधी कधीतरी रंगवलाय. मालक म्हणाले, "मी तर कधीच रंग दिला नाही." खरं असेल, कारण त्यांनी गाडी सेकंडहँड घेतली होती. अशा वेळी "तुम्हाला फसवलंय" असं म्हणायचं नाही. "साहेब, इथे आधी काम झालंय असं मीटर सांगतंय, त्यामुळे या भागावर मी हलक्या हाताने करणार" एवढंच बोला. पुन्हा दिलेला रंग गॅरेजमधला असतो, कधी मऊ असतो, कसा वागेल सांगता येत नाही. जास्त जाडी म्हणजे जास्त सुरक्षित असं समजू नका. खाली पुट्टी असू शकते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मीटर सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतं, एकट्या क्लिअरची नाही. आणि प्लास्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालतच नाही. रीडिंग ९०च्या खाली आलं तर आधी कुणीतरी रबिंग मारून गेलंय असं धरून चाला.

४. कामाचा क्रम

धुणं: दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक हातमोजा खंगाळायची. वरून खाली. मग डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने, आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आयर्न रिमूव्हरने. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो. व्हिडिओत छान दिसतो, पण गाडीवर वाळू देऊ नका.

क्ले: हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार लागणारच. भरपूर शॅम्पूपाणी मारून, जोर न देता. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या. त्यात अडकलेला एक खडा दहा नवे ओरखडे देईल.

टेप: रबर, काळं प्लास्टिक, एम्ब्लेम आणि पॅनेलच्या सगळ्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो.

टेस्ट स्पॉट: बोनेटवर दोन फूट बाय दोन फुटाचा चौकोन घ्या. सगळ्यात सौम्य जोडीने सुरू करा, म्हणजे मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. नाही जमलं तर पॅड बदला, मग कंपाउंड. जे सगळ्यात हलकं असून काम करतं, तेच पूर्ण गाडीवर वापरायचं. उलट क्रमाने गेलात तर गरजेपेक्षा जास्त क्लिअर खर्च होईल.

मशीन: पॅडवर चार-पाच थेंब, हळू वेगाने पसरवा, मग वेग वाढवून उभं-आडवं चार ते सहा फेऱ्या. हात सावकाश. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा. पत्रा हाताला चटका देत असेल तर थांबा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी हे काम करूच नका. कंपाउंड वाळतं, चिकटतं आणि तुम्ही जोर वाढवता. सगळा घोळ तिथेच होतो.

पुसून बघणं: पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते लपवतं. म्हणून पातळ केलेलं आयपीए मारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि मग टॉर्चने बघा. हे केलं नाही तर पहिल्या दोन धुण्यांत ओरखडे परत "उगवतात" आणि ग्राहक फोन करतो.

पॅडवर गाडीचा रंग यायला लागला तर लगेच थांबा. जुन्या सिंगल स्टेज रंगात ते चालतं, कारण तिथे वेगळा क्लिअर नसतोच. पण क्लिअर असलेल्या गाडीत रंग आला म्हणजे तुम्ही क्लिअरच्या पार गेलात.

संरक्षण: वॅक्स काही आठवडे, सीलंट काही महिने, चांगली सिरॅमिक कोटिंग त्याहून बरीच जास्त टिकते. पण कोटिंग ओरखडे लपवत नाही, असेल ते तसंच आत बंद करते. आणि दगडापासून वाचवते असं कुणालाही सांगू नका.

५. माझी चूक

दुकान सुरू केलं त्या वर्षीची गोष्ट. माझ्याकडे फक्त रोटरी बफिंग मशीन होतं आणि मीटर नव्हतं. एक काळी सेडान आली. काळ्या गाडीवर काम उठून दिसतं, म्हणून मी जोशात होतो. बोनेटची मधली उंच रेघ टेप न लावता घासली. दोन मिनिटांत तिथे बोटभर लांब राखाडी पट्टा. आधी वाटलं कंपाउंड वाळलंय. पुसलं, नाही गेलं. खालचा प्रायमर होता तो.

ग्राहक संध्याकाळी येणार होता. दुकानातल्या मुलाने सुचवलं, "काळं वॅक्स लावून देऊ, कळणार नाही." खरं सांगतो, दोन मिनिटं मी विचार केला. मग फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. ग्राहक चिडला, चिडणारच. बोनेट पेंटरकडून रंगवून दिलं. कामाचे ५,००० मिळणार होते, रंगाला ४,५०० गेले आणि तीन दिवस गेले. पण तो ग्राहक आजही येतो. वॅक्स लावून दिलं असतं तर पहिल्या पावसात माझं नाव पूर्ण सोसायटीत गेलं असतं.

म्हणून नवीन मुलांना माझा सल्ला: ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे डीए मशीनने सुरुवात करा. वेळ जास्त लागतो, पण ते एकाच जागी रोटरीइतकी उष्णता करत नाही. रोटरी शिकायची असेल तर भंगारातून एक बोनेट आणा आणि मुद्दाम जाळून बघा. क्लिअर संपायच्या आधी पत्रा कसा तापतो, हे हाताला एकदा कळलं पाहिजे.

६. आता हिशोब

हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही स्वतःचे घाला. समजा हॅचबॅकला कंपाउंड आणि फिनिशिंग असं दोन टप्प्यांचं काम आहे, म्हणजे साधारण १२ तास, दीड दिवस.

शॅम्पू, रिमूव्हर, क्ले: २५०
कंपाउंड आणि पॉलिश: ३५०
पॅड: ६०० चा एक, तीन लागले, प्रत्येक १० गाड्या चालतो, म्हणजे १८०
टेप, आयपीए, फडकी धुणं: १२०
मजुरी: ८०० रोज, दीड दिवस, १,२००
भाडं आणि वीज: महिना ३०,०००, कामाचे दिवस २५, म्हणजे रोज १,२००, दीड दिवसाचे १,८००

बेरीज ३,९००. त्यावर चुकीसाठी राखीव ४०० धरा. ४,३०० झाले. शेजारचा ४,५०० घेतो म्हणून तुम्हीही तेवढेच घेतलेत, तर दीड दिवस राबून २०० रुपये उरले. ६,५०० घेतलेत तर २,२०० उरतात. बहुतेक नवे लोक भाडं आणि स्वतःची मजुरी धरतच नाहीत आणि सहा महिन्यांनी म्हणतात, "गाड्या तर खूप येतात, पैसा कुठे जातो?"

आणि ज्याला ६,५०० झेपत नाहीत त्याला नाही म्हणू नका. एका टप्प्याचं काम सुचवा. पाच-सहा तासांत चमक येते, सगळे ओरखडे जात नाहीत. फरक आधी टेस्ट स्पॉटवर दाखवा, ग्राहक स्वतः ठरवेल.

७. काय बोलायचं, काय लिहायचं

"नव्यासारखी करून देतो" हे शब्द तोंडातून काढू नका. "जाळी बऱ्यापैकी जाईल, हे तीन ओरखडे राहतील, छताच्या कडेचा पापुद्रा तसाच राहील" असं गाडीभोवती फिरून दाखवा. जॉब कार्डवर लिहा, फोटो काढा, सही घ्या. डिलिव्हरी दिवसाउजेडी द्या. आणि जाताना एक वाक्य सांगा: "उद्यापासून कोरडं फडकं बंद." गाडी पुसणाऱ्या दादांसाठी एक मायक्रोफायबर भेट दिलात तर अजून चांगलं.

आपल्या हॅचबॅकच्या मालकांनी गाडी विकायला काढली होती. काम बघून म्हणाले, "आता विकावीशी वाटत नाही." पण मी त्यांना फेंडरचं रीडिंग लिहिलेला कागदही दिला, विकलीच तर पुढच्या माणसाला दाखवायला. चमक आपण विकतो, पण ग्राहक परत येतो तो या कागदामुळे.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या तीन जुन्या गाड्या बघा आणि प्रत्येकीचं कागदावर फक्त निदान लिहा. काय जाईल, काय राहील, काय पेंटरचं. मशीनला हात लावायचा नाही. ते जमलं की पुढच्या व्हिडिओत हेडलाइटचा पिवळेपणा काढूया. भेटू.