वाळवंटातील टेकड्या आणि ओसाड खाणी

वाळवंट म्हटले की आपल्याला नुसती वाळू आठवते. पण अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात जोशुआ ट्री नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले वाळवंट खडकाळ टेकड्यांचे आहे. उन्हाळ्यात तिथे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाते. म्हणून लोक हिवाळ्यात पायी फिरायला जातात. दिवसा हवा गार असते, पण रात्री पाणी गोठते. वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. माणशी दिवसाला निदान चार लीटर पाणी बरोबर न्यावे लागते.

या टेकड्यांत 'लॉस्ट हॉर्स' म्हणजे 'हरवलेला घोडा' नावाची जुनी खाण आहे. १८९४ ते १९३१ या काळात तिथून १०,००० औंसांहून जास्त सोने निघाले. आता ती बंद आहे. दगड कुटायची गिरणी मात्र अजून उभी आहे. ती बाहेरून बघावी.

ओसाड खाणीत का जायचे नाही?
१) लाकडी टेकू कुजलेले असतात. वरचा दगड अंगावर पडतो.
२) आतली हवा खराब असते. विषारी वायूला कधी कधी वासच नसतो. जीव गुदमरतो.
३) अंधारात पायाखालचा खोल खड्डा दिसत नाही.

म्हणून काही खाणींच्या तोंडाला गज लावतात. त्यातून वटवाघळे ये-जा करतात, माणूस जात नाही.

आमच्या मळ्याच्या वाटेलाही बिनकठड्याची पडकी विहीर आहे. पोरं पारव्याची पिल्लं काढायला आत उतरतात. आपण उतरायचं नाही. आणि मोठ्या माणसांनी तिला कठडा बांधावा, ही विनंती.